जाहिराती कापू नको

रफिया, परवा पुण्याहून एका मुलीचा फोन आला. जुन्या स्वयंपाकघरांवर प्रबंध लिहितेय म्हणाली, प्रेशर कुकरच्या जाहिरातींबद्दल विचारायचं होतं. म्हणाली, "रफिया सर आहेत का?"

मी नेहमीसारखं "सर नाहीत, बाई आहेत" म्हणायला गेले आणि तोंडातून निघालं, "बाई होत्या." ती बिचारी माफी मागत राहिली. मीच तिला सावरलं, कुकरच्या जाहिराती आपल्या संग्रहात कुठं आहेत ते सांगितलं, आणि फोन ठेवल्यावर पहिल्यांदा पोटभर रडले. तुझ्या घरी, त्या दिवशी, बायकांच्या गर्दीत बसले होते तेव्हाही एवढं रडू आलं नव्हतं.

तुला हे 'सर' प्रकरण फार आवडायचं. दिल्लीहून, कोलकात्याहून, कुठल्या कुठल्या परदेशी विद्यापीठांतून पत्रं यायची आणि सगळ्यांचा तू सर. "जालन्यात बसून कुणी बाई हे करून राह्यली, हे त्यांच्या डोक्यातच बसत न्हाई, वैशे," म्हणून हसायचीस. उत्तरात त्यांची चूक कधी दुरुस्त केली नाहीस. खाली सही मात्र ठळक करायचीस: रफिया आपा.

लोक विचारतात, हा जाहिरातींचा संग्रह सुरू कसा झाला. तू मुलाखतीत दरवेळी वेगळं सांगायचीस. मी मात्र तिथं होते.

आमच्याकडं तेव्हा टीव्ही नव्हता. दर रविवारी सकाळी मी केस ओलेच ठेवून सदर बाजारातून तुमच्याकडं पळत यायची. तुझे मोठे भाऊ हमीदभाई नोकरीला आखातात गेले होते आणि पहिल्या सुट्टीत व्हीसीआर घेऊन आल्ते. जाताना सांगून गेले, रविवारची मालिका टेप करा आणि इकडून कुणी तिकडं निघालं की त्याच्या हाती कॅसेट द्या. आपल्या गावातून तिकडं जाणारा कुणी ना कुणी असायचाच. तू व्हीसीआरसमोर मांडी घालून बसायचीस, बटणावर बोट ठेवून. जाहिरात लागली की टेप थांबवायचीस, मालिका आली की सुरू. टेप वाचायची म्हणून. फार गर्व होता तुला त्या बोटाचा.

एक दिवस शेजारच्यांच्या घरी हमीदभाईंचा फोन आला. अम्मीनंतर तुला बोलावलं. तू परत आलीस तेव्हा चेहरा उतरलेला. म्हणालीस, "भाई चिडला. म्हणतो, जाहिरातां काटना नक्को. उन्हीच देखता मैं."

मालिका तिकडंही कुणाकडून तरी मिळायची. पण हमीदभाईंच्या खोलीत राहणाऱ्या माणसांना बघायचा होता आपल्याकडचा साबण, आपल्याकडची बिस्किटं, आपल्याकडच्या नळाखाली आंघोळ करणारी पोरं. सायकलची जाहिरात लागली की ते टाळ्या वाजवायचे, हे हमीदभाईंनी नंतर सांगितलं. एकजण कपड्यांच्या साबणाच्या जाहिरातीतल्या बाईला 'भाभी' म्हणायचा आणि ती दिसली की सलाम करायचा. त्या रविवारपासून तू बटणावरचं बोट उचललंस. शाळकरी पोरगी होतीस. आपण काय जमा करतोय याची तुलाही कल्पना नव्हती, मला तर नव्हतीच.

हमीदभाई सुट्टीवर येताना त्या कॅसेटी परत आणायचे. पुन्हा वापरता येतील म्हणून. पण तोवर कुणीतरी नव्या दिलेल्या असायच्या, आणि अम्मी जुन्या उचलून लोखंडी कपाटात, रजयांच्या खाली सारायच्या.

मग आपण मोठ्या झालो. तू उर्दू शाळेत इतिहास शिकवायला लागलीस, मी तंत्रनिकेतनात संगणक. लग्नं, पोरं, बदल्या, आजारपणं. कितीतरी वर्षांनी तुमचं घर रंगवायला काढलं आणि ते कपाट रिकामं केलं. तुझा फोन आला, "वैशे, जल्दी ये. भंगारवाला दारात उभा हाय अन् अम्मी त्याला कॅसेटी देऊन राह्यल्या."

मी आले तेव्हा तू कॅसेटींच्या ढिगासमोर, दारात आडवी उभी होतीस. भंगारवाला हसत होता. अम्मी चिडल्या होत्या. अर्ध्या कॅसेटींवर पांढरी बुरशी. एक बरी दिसणारी निवडली, कुणाचा तरी जुना व्हीसीआर आणला आणि लावली. मालिका बघून दोघींनाही जांभया आल्या. मग जाहिराती लागल्या आणि तू ताठ बसलीस.

"थांबव," म्हणालीस. "मागं घे. ती बाई कशावर चहा करून राह्यली बघ. स्टोव्ह हाय. आता पुढची बघ. गॅस. आपल्याकडं गॅस कधी आल्ता?"

मला आठवेना. तुलाही आठवेना.

"मी पोरांना एवढी वर्षं इतिहास शिकवते," तू म्हणालीस. "पुस्तकात राजे हाएत, लढाया हाएत, करार हाएत. माझ्या अम्मीनं कपडे कशानं धुतले, ते कुठंच न्हाई."

तिथून तुझी पद्धत ठरली आणि तू ती शेवटपर्यंत सोडली नाहीस. जाहिरात जे विकते ते सोडून बाकी सगळं बघायचं. भिंतीवर काय टांगलंय, पाणी कशात भरलंय, जेवताना कोण बसलंय आणि कोण वाढतंय, बाप पोराशी बोलतो का, हिंदी जाहिरातीतली बाई मराठीत आली की तिची साडी बदलते का. आज मोठमोठे लोक हे तुझं नाव घेऊन लिहितात. ते वाचताना माझी छाती फुगते. तुझी फुगायची नाही. तू म्हणायचीस, "अगं, एवढं तर कुणालाबी दिसंल. फक्त बघत बसायला पाहिजे."

आपलं पहिलं भांडण त्या संग्रहाच्या पहिल्याच महिन्यात झालं. मी कॅसेटी संगणकावर उतरवून प्रत्येक जाहिरात सुटी केली होती. नीट, स्वच्छ, प्रत्येकीचं वेगळं पान. अभिमानानं दाखवायला आले तर तू खवळलीस.

"हे काय केलंस? मधलं कुठं गेलं?"

"मधलं म्हणजे?"

"ती निवेदिका. ते हवामान. ते हरवलेल्या पोराचं निवेदन. सगळं फेकलंस?"

"रफिया, तीन तासांची टेप कोण बघत बसणार?"

"तू लग्नाच्या फोटोतून नवरी कापून आणलीस अन् मला म्हणतेस, हे घे लग्न."

दोन आठवडे आपण बोललो नाही. मग मीच एक मार्ग काढला. सुटी जाहिरात ठेवायची आणि तिच्याखालून पूर्ण टेपमध्ये त्या जागी जाता येईल अशी सोय करायची. आपण दोघींनी मान्य केलं आणि दोघींनाही वाटत राहिलं की जिंकले ते मीच. पण आता कबूल करते, अभ्यासक येतात ते तुझ्या 'मधल्या'साठी. जाहिरातीवर कुठं तारीख लिहिलेली नसते. शेजारच्या बातमीवरून, निवेदनावरून ती कळते.

आणि मग ती सकाळ. तेव्हा आपण सगळं एका मोठ्या व्हिडिओ साइटवर ठेवायचो. एका साबणाच्या कंपनीनं तक्रार केली आणि आपलं सगळं खातंच बंद झालं. उघडलं तर काही नाही. मी खरंच म्हटलं होतं, "झालं तेवढं पुरे." तुझ्याकडं बघायची हिंमत होत नव्हती. तू मात्र शांतपणे कपाटाकडं गेलीस, दार उघडलंस, आणि म्हणालीस, "कॅसेटी हाएत ना? मंग काय गेलं? आपल्या हातानं आपलं घर बांध. दुसऱ्याच्या ओट्यावर किती दिवस बसायचं?"

मी आपली साइट बांधली. शाळा सुटल्यावर तू यायचीस, मी कॉलेजातून. तू टेप साफ करायचीस, मी उतरवायची. माझ्या घरचे म्हणायचे, दोघींना खुळ लागलंय. तुमच्याकडं अम्मी म्हणायच्या, लोकांच्या लेकी संध्याकाळी देवधर्म करतात, माझी लेक साबण बघते.

ती साइट उभी राहून बरेच दिवस झाल्यावर तुझ्या शाळेच्या मधल्या सुट्टीत एक फोन आला. मी समोरच बसले होते. तू स्पीकर सुरू केलास. मुंबईचा माणूस, अतिशय गोड बोलणारा. त्याच साबणाच्या कंपनीचा. त्यांचा कसलासा वर्धापनदिन होता आणि त्यांना त्यांची स्वतःची जुनी जाहिरात हवी होती. कचेरी हलवताना त्यांच्याकडच्या रिळांची वाट लागली होती. ती जाहिरात आता फक्त तुमच्याकडं आहे असं कळलं, म्हणाला.

मी तोंडावर हात धरून बसले होते. तू म्हणालीस, "देते की. बिलकुल देते. पण एक काम करा साहेब. तुमच्या कंपनीच्या सगळ्या जुन्या जाहिराती आमच्या साइटवर राहतील अन् कुणालाबी अभ्यासाला मोकळ्या राहतील, एवढं लिहून द्या."

"मॅडम, त्यासाठी वरिष्ठांना विचारावं लागेल."

"विचारा ना. आम्ही कुठं जाऊन राह्यलो?"

"आणि मानधनाचं काय?"

मी खुणा करत होते, नवा व्हीसीआर माग, स्कॅनर माग. तू माझ्याकडं पाठ केलीस.

"मी मास्तरीण हाय, साहेब. परवानगी पाहिजे."

परवानगी आली. तक्रार करणाऱ्या त्याच कंपनीच्या कागदावर, सहीशिक्क्यानिशी. तू ईद नसताना शीरखुर्मा केलास आणि शाळेतल्या शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना वाटलास. कशाबद्दल ते कुणाला सांगितलं नाहीस. मी सांगत सुटले होते.

पण मला विचारशील तर तुझं सगळ्यात मोठं काम परवानगीचं नव्हे. घनसावंगीचं.

एका खताच्या जुन्या मराठी जाहिरातीखाली कुणीतरी एक ओळ लिहिली होती: 'हा आवाज माझ्या मावशीचा आहे, ती घनसावंगीला असते.' मी म्हटलं, लोक काहीही लिहितात. तू म्हणालीस, "जाऊन तर बघू." दुसऱ्या रविवारी आपण जीपमध्ये कोंबून बसलो. रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या. तू टॅब ओढणीत गुंडाळून मांडीवर धरला होतास, तान्ह्या लेकरासारखा.

सुशीलाबाई ओसरीत बसल्या होत्या. नजर अधू झालेली, पाठ ताठ. त्यांच्या सुनेनं आपल्याला दारातच हळू आवाजात सांगितलं, "आत्या म्हणत असतात, मी टीव्हीत गायले म्हणून. आम्ही आपलं हो हो म्हणतो. वय झालंय."

तू ओसरीत गेलीस. त्यांच्याजवळ बसलीस, टॅब लावलास. हिरव्या शेतातून एक बैलगाडी निघाली आणि तो आवाज सुरू झाला. तरुण, खणखणीत, थोडा हसरा.

सुशीलाबाईंनी मान वळवली. जाहिरात संपली तरी त्या तशाच. मग म्हणाल्या, "पुन्यांदा लाव."

तू लावलीस. तिसऱ्या वेळी त्या बरोबर गायला लागल्या. आवाज खाली गेलेला, पण सूर तोच, ती मुरकी तीच. मध्येच थांबल्या. "हितं श्वास तुटला बघ. मी म्हणले होते त्या साहेबाला, पुन्हा घिऊ. ते म्हणले, चालतंय बाई, खताचीच तर जाहिरात हाय."

सून उंबऱ्यावर बसली ती उठलीच नाही. मग तिनं शेतात गेलेल्या नवऱ्याला फोन लावला आणि फोन टॅबजवळ धरला. "ऐका," एवढंच म्हणाली. "आत्या हाएत."

सुशीलाबाई तरुणपणी भजनं गायला औरंगाबादेला गेल्या होत्या, तिथं कुणी विचारलं, गाऊन आल्या. नाव कुणी विचारलं नाही. तू विचारलंस. "तुमचं पूर्ण नाव सांगा बाई. खाली लिहायचंय."

त्या अडखळल्या. "नवऱ्याचं लावू का वडलांचं?"

"तुम्हाला कोणतं आवडतं?"

बराच विचार केला त्यांनी. "मंग नुसतं सुशीला लिव्ह. सुशीला, घनसावंगी."

येताना जीपमध्ये टॅब पुन्हा ओढणीत गुंडाळलास. जालना जवळ आलं तेव्हा बोललीस. "उद्यापासून प्रत्येक पानावर आधी माणसं. कोण गायलं, कोण बोललं, कोण नाचलं. कंपनी मंग."

"अगं, नावं माहीत कुठं आहेत? सगळीकडं 'माहीत नाही' दिसेल."

"दिसू दे. रिकामं दिसलं तर कुणीतरी भरंल."

आणि भरलं, रफिया. कुणाची नात लिहिते, चहाच्या जाहिरातीतले आजोबा माझे. कुणी लिहितं, स्कूटरमागं बसलेलं ते पोरगं मी आहे, आता मला टक्कल आहे. जाहिरातींचे संग्रह जगात पुष्कळ असतील. त्यातली अनोळखी माणसं नावानिशी घरी पोचवणारा मला तरी दुसरा माहीत नाही. एका परदेशी प्राध्यापकांनी तुला विचारलं होतं, ही पद्धत कुठून घेतलीत. तू उत्तर दिलंस, घनसावंगीहून.

एक भांडण मात्र राहिलंच.

ती गोऱ्या रंगाच्या क्रीमची जाहिरात. सावळ्या मुलीला नाकारून पाहुणे उठून जातात, मग ती क्रीम लावते, मग तेच पाहुणे पेढे घेऊन येतात. ती माझ्यासमोर किती वेळा लागली आहे. तुमच्या दिवाणखान्यात बसलेल्या बायका आधी पडद्याकडं बघायच्या, मग माझ्याकडं, मग पटकन दुसरीकडं. मी म्हटलं होतं, ही आपल्या संग्रहात नको. एवढी एक नको. तू ती चढवायचं थांबवलंस, पण मुद्दा सोडला नाहीस. दवाखान्यातसुद्धा नाही. नाकात नळी होती तुझ्या.

"लाजेचं बी ठिवायचं असतं, वैशे. न्हाई तर उद्या लोकं म्हणतील, आपण असे नव्हतोच."

"तुला काय जातंय म्हणायला? तू गोरी."

तू माझा हात धरलास. "म्हणून तर तुला म्हणते. खाली तू लिही. काय वाटायचं ते लिही. तुझ्या लिहिण्याबिगर मी चढवणार न्हाई."

मी लिहिलं नाही आणि तू चढवली नाहीस. मागच्या आठवड्यात माझी लेक माझ्या मागे उभी राहून ती बघत होती. म्हणाली, "आई, हे खरंच टीव्हीवर दाखवायचे? सगळ्यांसमोर? कुणी काही म्हणायचं नाही?" तिचा विश्वासच बसत नव्हता. त्या दुपारी मी लिहायला बसले. लांबलं खूप. तू असतीस तर निम्मं कापलं असतंस. जाहिरात आता आपल्या साइटवर आहे आणि खाली माझं लिहिणं आहे, माझ्या नावानं. तुझं सगळं पटलंय असं समजू नकोस. ती बघताना मला अजून त्रास होतो. पण तिच्याखाली रोज बायका लिहितायत, आपापल्या दिवाणखान्यांबद्दल.

मैत्रिणींमध्ये काही गोष्टी बोलायच्या राहूनच जातात. 'शीरखुर्म्यात साखर जास्त झाली' हे मी तुला तोंडावर सांगू शकले. 'मला तुझा अभिमान वाटतो' हे एवढ्या वर्षांत एकदाही नाही. तू लगेच म्हणाली असतीस, काय झालं, ताप आला का तुला?

काल अम्मींकडं गेले होते. शेजारच्या दोघी-तिघी बसल्या होत्या. अम्मींना आता ऐकू कमी येतं, पण मला पायाच्या आवाजावरून ओळखतात म्हणे. जवळ बसवून घेतलं. माझ्या हातावरून हात फिरवत राहिल्या आणि मग अचानक मराठीत विचारलं, माझ्यासाठी म्हणून मराठीत, "वैशाली, खरं सांग. माझी रफिया करायची तरी काय गं, त्या कम्प्युटरवर? किती लोकं येऊन राह्यले. बाहेरगावचे. रडून राह्यले. मला तर वाटायचं, खेळ करते."

संग्रह, संशोधन, इतिहास, सगळे शब्द तोंडाशी आले आणि मागे गेले. मी त्यांच्या कानाशी वाकले आणि मोठ्यानं म्हटलं, "अम्मी, आपण आपल्या घरात कसे राहत होतो, काय खात होतो, कशाला हसत होतो, ते जगभरातली पोरं आता अभ्यासून राह्यलीत. त्यांना ते कुठंच सापडत नव्हतं. रफियानं ठेवलं. ती नसती तर ते गेलं असतं."

अम्मी थोडा वेळ ओठ हलवत राहिल्या, मनातल्या मनात पुन्हा म्हणत असल्यासारख्या. मग पदर सावरला, ताठ झाल्या, आणि समोर बसलेल्या बायकांकडं वळल्या.

"सुने क्या?" त्या म्हणाल्या. "मेरी बेटी दुनिया कू पढ़ाती थी."